‘द ड्रेस्डेन फाइल्स’ वाचायला घेताय? मग या चुका टाळा

शिकागोच्या फोन डिरेक्टरीत ‘जादूगार’ म्हणून ज्या एकाच माणसाचं नाव सापडतं, तो हॅरी ड्रेस्डेन मी आजवर बऱ्याच जणांना वाचायला दिला. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकात गळले, आणि कारणं दर वेळी तीच. जिम बुचर यांची ही जादूच्या कादंबऱ्यांची मालिका २००० साली ‘स्टॉर्म फ्रंट’पासून सुरू झाली, २०२० मधलं ‘बॅटल ग्राउंड’ सतरावं. एवढा पसारा बघितला की लोक शॉर्टकट शोधतात आणि तिथेच माती होते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मधूनच सुरुवात करणं. माझ्या एका मित्राला फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात ‘चेंजेस’ मिळालं. या मालिकेतल्या कादंबऱ्यांची नावं दोन शब्दांची असतात आणि दोन्ही शब्दांत इंग्रजी अक्षरांची संख्या सारखीच असते. हे एकच नाव एका शब्दाचं, म्हणून त्याला ते सुटं पुस्तक वाटलं. ते बारावं आहे! पहिल्याच वाक्यात हॅरीला एक फोन येतो, आणि आधीच्या पुस्तकांमधून जे साठत आलंय ते त्या एका ओळीत फुटतं. आधीचं वाचलेल्या माणसाच्या पोटात तिथे गोळा येतो. माझ्या मित्राला तो नुसता फोन वाटला.

पुस्तक त्याला आवडलं, शनिवार-रविवारात संपवलं आणि मग तो पहिल्यापासून वाचायला लागला. तिसऱ्या ‘ग्रेव्ह पेरिल’मध्ये बियांका नावाच्या व्हॅम्पायरच्या घरी मेजवानीचा प्रसंग आहे. तिथे पुस्तक मिटून गप्प बसलेले वाचक मी पाहिलेत. हा म्हणाला, “हे होणार ते माहीतच होतं की.” कसंबसं पाचव्यापर्यंत रेटलं आणि सोडलं. मालिका कंटाळवाणी आहे असं तो आजही सांगतो, आणि दर वेळी मला मनापासून वाईट वाटतं. एवढी चांगली गोष्ट त्याच्या हातून कायमची गेली.

“पहिली दोन गाळा, तिसऱ्यापासून लागा” हा सल्लाही असाच. पहिली दोन कच्ची आहेत, मान्य. बुचर यांनी ‘स्टॉर्म फ्रंट’ लिहिलं ते ओक्लाहोमा विद्यापीठात लेखन शिकत असताना. शिक्षिका डेबोरा चेस्टर सांगतात तसं तंतोतंत लिहिलं तर किती वाईट होतं हे बुचर यांना सिद्ध करायचं होतं, आणि तेच पुस्तक छापून आलं. विद्यार्थ्याचा हात त्यात दिसतो. पण बियांका पहिल्यांदा भेटते ती याच पुस्तकात. हॅरी खुनाची चौकशी करायला तिच्याकडे जातो, ती चिडते, तिचा खरा चेहरा उघडा पडतो. छोटंसं प्रकरण आहे, घाईत वाचणारा विसरूनही जातो. तिसऱ्या पुस्तकात ती त्याचाच हिशेब चुकता करायला बसते, आणि त्यातून पेटलेलं युद्ध पुढे कितीतरी पुस्तकं चालतं. ठिणगी न बघता वणवा वाचून काय मिळणार?

माझी सवय सांगतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी एक कागद ठेवायचा आणि हॅरीनं कोणाला काय शब्द दिला, कोणाचं काय देणं लागतो, एवढंच लिहायचं. या जगात परीलोकाशी केलेला करार मोडता येत नाही. त्याची गॉडमदर लिया परीलोकातलीच, ती तर वसुलीसाठी टपलेलीच असते. पात्रांची वंशावळ करत बसू नका, देणी तेवढी लिहा.

जादूचे नियम वरवर चाळणं ही आणखी एक चूक. उंबरठ्याचंच बघा. ज्या घरात कुटुंब नांदतं त्याचा उंबरठा भक्कम, एकट्या माणसाच्या भाड्याच्या खोलीचा कमजोर. आणि आमंत्रणाशिवाय आत शिरणाऱ्याची बरीचशी शक्ती बाहेरच राहते. जादूगारालाही हे लागू. हे लक्षात नसेल तर कितीतरी मारामाऱ्यांत कोण का हरलं ते कळतच नाही. पहिल्या पुस्तकात हॅरी तळघरात द्रावणं बनवतो तेही सावकाश वाचा. घटक आठ: एक मूळ द्रव, पाच इंद्रियांसाठी पाच, एक मनासाठी, एक आत्म्यासाठी. संकटातून निसटण्याच्या द्रावणात मनासाठी तो बसच्या तिकिटाचे तुकडे टाकतो. ही जादू कशी विचार करते, ते त्या एका तिकिटातून समजतं. लोक तेच पान उलटतात, कारण त्यांना मारामारी हवी असते.

हॅरीची बायकांकडे बघायची नजर खटकते म्हणून पुस्तक सोडणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. खटकण्यासारखीच आहे, पुढच्या पुस्तकांतही पूर्ण जात नाही. पण हॅरी म्हणतो ते सगळं खरं धरू नका. निवेदक तोच आहे, आणि तो वारंवार चुकतो. पोलीस अधिकारी मर्फीला ‘वाचवायला’ म्हणून तो तिच्यापासून गोष्टी लपवतो, त्याचे परिणाम तिला भोगावे लागतात आणि ती त्याला जाब विचारल्याशिवाय सोडत नाही.

बाकीचं थोडक्यात. पात्राचं नाव नेटवर शोधू नका. पहिल्या दोन ओळींत सगळं फुटतं. २००७ ची टीव्ही मालिका बघून पुस्तकं जोखू नका. बारा भागांत बंद पडली, आणि हॅरीचा मदतनीस बॉब पुस्तकांत कवटीत राहणारा ज्ञानाचा आत्मा आहे, तर तिच्यात मेलेल्या माणसाचं भूत. ऑडिओ ऐकत असाल तर जेम्स मार्स्टर्स यांच्या आवाजातलंच घ्या, पहिल्या भागांचं ध्वनिमुद्रण थोडं ओबडधोबड असलं तरी.

कथासंग्रह शेवटी एकदम वाचू नका. ‘साइड जॉब्ज’मधली ‘आफ्टरमाथ’ ही मर्फीच्या तोंडची कथा ‘चेंजेस’ संपल्या संपल्या, ‘घोस्ट स्टोरी’ उघडायच्या आधी वाचायची. त्याआधी चुकूनही नाही. ‘ब्रीफ केसेस’मधली ‘झू डे’ ‘पीस टॉक्स’च्या आधी. आणि ‘पीस टॉक्स’ अर्धवट वाटलं म्हणून रागावू नका. ते आणि ‘बॅटल ग्राउंड’ मुळात एकच पुस्तक होतं, दोन तुकडे करून २०२० च्या जुलै आणि सप्टेंबरमध्ये काढलं. दोन्ही हातात असतील तेव्हाच पहिलं उघडा.