टेक्सासमध्ये जस्टिस ऑफ द पीस व्हायचे असेल तर

महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी कायद्याची पदवी घेऊन लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. टेक्सासमध्ये मात्र सर्वांत खालच्या पायरीवरचा न्यायाधीश, म्हणजे जस्टिस ऑफ द पीस, पक्षाच्या तिकिटावर लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि त्याला कायद्याच्या पदवीची अट नाही. अशाच एका न्यायालयात मी कारकून आहे. इथे वाढलेली मराठी मुलेमुली अलीकडे या पदाची चौकशी करतात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत: अमेरिकेचे नागरिकत्व, वयाची १८ वर्षे पूर्ण, राज्यात १२ महिने आणि संबंधित प्रिसिंक्टमध्ये (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा प्रदेश, प्रिसिंक्ट म्हणजे तिचा एक विभाग) ६ महिने वास्तव्य. पक्षांतर्गत निवडणूक मार्चमध्ये, मुख्य निवडणूक नोव्हेंबरमध्ये होते आणि मुदत ४ वर्षांची असते.

खरी कसोटी खुर्चीवर बसल्यानंतर लागते. २०,००० डॉलरपर्यंतचे दिवाणी दावे, केवळ दंडाची शिक्षा असलेले किरकोळ गुन्हे आणि भाडेकरूकडून घर खाली करून घेण्याचे दावे या न्यायालयात चालतात. घर खाली करण्याच्या दाव्यांच्या दिवशी एकामागून एक पुकारे होत असतात आणि बहुतेक भाडेकरू वकिलाशिवाय उभे असतात. भाडे भरल्याचा पुरावा म्हणून कोणी फोनमधला संदेश दाखवू पाहतो, कोणी पावत्यांची चुरगळलेली चळत पुढे करतो. नियमांनुसार न्यायाधीश स्वतः साक्षीदारांना प्रश्न विचारून वस्तुस्थिती बाहेर काढू शकतो, आणि माझ्या मते या पदाचे सारे मोल त्या प्रश्नांत आहे. घर सोडण्याची नोटीस कधी दिली, कोणाच्या हाती दिली, करारात वेगळी मुदत नसताना किमान ३ दिवस दिले का, हे न विचारताच निकाल दिला, तर एखाद्या कुटुंबाचे छप्पर विनाकारण जाते. निकालानंतर अपिलासाठी केवळ ५ दिवस मिळतात. वरच्या न्यायालयात प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐकले जाते, ही गोष्ट भाडेकरूला सोप्या शब्दांत समजावून सांगणारे न्यायाधीश मला विशेष आदरणीय वाटतात.

दुसरी जबाबदारी अनेक उमेदवारांच्या ध्यानीमनी नसते. ज्या काउंटीत वैद्यकीय परीक्षक, म्हणजे मृत्यूची चौकशी करणारा सरकारी डॉक्टर, नाही, तिथे अचानक किंवा संशयास्पद मृत्यू झाल्यास चौकशी याच न्यायाधीशाने करायची असते. रात्री-अपरात्री फोन येतो आणि महामार्गावर किंवा कोणाच्या घरी जाऊन मृत्यूचे कारण व शवविच्छेदनाची गरज ठरवावी लागते. शेजारी रडणारे नातेवाईक असतात, त्यांच्याशी बोलण्याची रीत कोणत्याही पुस्तकात नाही. याशिवाय अटक झालेल्यांना त्यांचे हक्क सांगणे आणि जामीन ठरवणे हे कामही असते.

पहिल्या वर्षात ८० तासांचे आणि पुढे दरवर्षी २० तासांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे. ते टाळणाऱ्याला पदावरून दूर करता येते. वेतन काउंटीचे आयुक्त न्यायालय (नावात न्यायालय असले तरी ते काउंटीचा कारभार पाहणारे मंडळ आहे) ठरवते, त्यामुळे ते ठिकाणानुसार बरेच बदलते आणि आपल्या काउंटीच्या अंदाजपत्रकात ते आधीच पाहून घ्यावे.

प्रचारात एखाद्या प्रकारच्या खटल्यात अमुकच निकाल देईन, असे आश्वासन देता येत नाही, हेही पक्के लक्षात ठेवावे. सुनावण्या जनतेसाठी खुल्या असतात, म्हणून अर्ज भरण्याआधी आपल्या प्रिसिंक्टच्या न्यायालयात घर खाली करण्याच्या दाव्यांचे काही दिवस मागच्या बाकावर बसून काढावेत आणि वकील नसलेल्या माणसाला न्यायाधीश किती वेळ बोलू देतात, याची नोंद करावी.