वर्डप्रेस अपडेट करा, पण गूगलमधली जागा न घालवता

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात स्वयंपाकघर असलेली, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेणारी, वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनवलेली एखादी साइट डोळ्यांपुढे आणा. डॅशबोर्डवर लाल आकडा दिसतोय: ११ अपडेट बाकी. मालक सगळ्या चौकोनांत टिक करतो, बटण दाबतो, साइट उघडून बघतो. चकली आहे, अनारसे आहेत, फोन नंबर आहे. झालं काम! तीन आठवड्यांनी ऑर्डरी रोडावतात, तेव्हा कळतं की गूगलवर साइट सापडतच नाहीये.

वर्डप्रेसची आवृत्ती नवी की जुनी, याच्याशी गूगलला सोयरसुतक नाही. त्याच्या बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) प्रत्येक पानाकडून मोजक्या गोष्टी मिळतात: पानाचा पत्ता, सर्व्हरचं उत्तर (२०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे पान नाही, ५०० म्हणजे बिघाड वगैरे), इंडेक्स करा (शोधाच्या यादीत घ्या) किंवा करू नका ही सूचना, कॅनॉनिकल म्हणजे पानाचा अधिकृत पत्ता, शीर्षक, मजकूर आणि वेग. अपडेटच्या गडबडीत यातलं एखादं गुपचूप बदललं की घसरण सुरू होते. तेव्हा आधी नोंद करायची आणि नंतर ताळा जुळवायचा, एवढंच या कामाचं सूत्र.

अपडेट टाळत राहणं हा मात्र उपाय नव्हे. जुन्या प्लगइनच्या (साइटला जोडलेल्या जादा सोयीच्या) भोकातून घुसून कोणी साइटवर जपानी अक्षरांतली हजारो बनावट पानं टाकली, तर ती निस्तरण्यापुढे बाकी सगळी डोकेदुखी किरकोळ वाटते.

वेळ कोणती निवडावी

फराळाच्या साइटसाठी सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे पितृपक्ष. ऑर्डरी तशाही मंदावलेल्या असतात आणि सर्वपित्रीपासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत साधारण महिनाभर हातात राहतो. काही बिघडलंच तर गूगलने पानं पुन्हा वाचून जागेवर आणायला तेवढा अवधी लागू शकतो. गणेशमूर्तींची साइट असेल तर हाच हिशेब आषाढात करा. वार मंगळवार-बुधवार, वेळ सकाळची. शनिवारी रात्री सराफ्यात खाऊन आल्यावर करायचं हे काम नाही; होस्टिंगवाल्यांचा जाणता माणूस तेव्हा फोनवर मिळत नाही.

मोठी आवृत्ती, म्हणजे ६.५ वरून ६.६ सारखी उडी, आली की लगेच धावू नका. पहिली दुरुस्ती-आवृत्ती येईपर्यंत एक-दोन आठवडे थांबलात तर बिघडत नाही. सुरक्षेच्या छोट्या आवृत्त्या मात्र आल्या तशा होऊ द्या.

पहिली पायरी: नोंद

संपूर्ण बॅकअप घ्या, फाइली आणि डेटाबेस दोन्ही. त्याची एक प्रत त्याच सर्व्हरवर न ठेवता बाहेर उतरवून ठेवा.

मग पाच पानं निवडा: मुखपृष्ठ, सर्वाधिक भेटींची दोन पानं, एक साधी पोस्ट आणि एक कॅटेगरीचं पान. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या 'परफॉर्मन्स' अहवालात कोणत्या पानांवर माणसं येतात ते दिसतं. प्रत्येक पान ब्राउझरमध्ये उघडा, 'व्ह्यू पेज सोर्स' करा आणि तो मजकूर तारखेसकट जपून ठेवा. त्यातल्या शीर्षक, वर्णन, रोबॉट्स (इंडेक्सची सूचना) आणि कॅनॉनिकल या चार ओळी वेगळ्या कागदावर उतरवा. सोबत पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनातले मोबाइलचे आकडे, साइटमॅपचा (साइटच्या पानांच्या यादीचा) पूर्ण पत्ता आणि 'सेटिंग्ज'मधल्या 'पर्मालिंक्स' (पत्त्यांची रचना) पानाचा स्क्रीनशॉट. अर्ध्या तासाचं काम आहे. हेच टाळलं जातं, आणि मग 'आधी काय होतं' हे कोणालाच सांगता येत नाही.

देवनागरी पत्त्यांची खास गोम

मराठीत साइट चालवणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.

पत्त्यात देवनागरी अक्षरं असली की आतमध्ये ती टक्केवारीच्या चिन्हांत साठवली जातात. एकेका अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला, हलन्तालासुद्धा ९ जागा लागतात. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पत्त्याच्या त्या तुकड्याला एकूण जागा आहे २००. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. 'इंदूर दिवाळी फराळ घरपोच ऑर्डर' हे शीर्षक घ्या. 'इंदूर-दिवाळी-फराळ-घरपोच' इथपर्यंत २० चिन्हांचे १८० आणि मधल्या तीन आडव्या रेघांचे ३ असे १८३ होतात. पुढची रेघ आणि 'ऑ' धरून १९३. त्यापुढचा 'र' घेतला तर २०२ होतात, म्हणून पत्ता 'घरपोच-ऑ' असा मध्येच तुटतो.

हा तुटका पत्ता विचित्र दिसला तरी गूगलला तोच ठाऊक असतो. अपडेटनंतर एखाद्याला तो खटकतो, तो 'सुधारतो' आणि जुना पत्ता मरतो. काही प्लगइन देवनागरी पत्ते आपणहून रोमन करतात. तसं प्लगइन सुरू झालं आणि पोस्ट पुन्हा सेव्ह झाली की तेच. पोस्टचा पत्ता बदलला तर वर्डप्रेस स्वतः जुन्यावरून नव्याकडे पाठवतं, पण 'पेज' प्रकाराला ही सोय नाही. तेव्हा चालू पत्त्यांना हात लावू नका. लावलाच तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं पाठवणारी सूचना) घाला आणि तो किमान वर्षभर राहू द्या. नव्या पानांना सुरुवातीलाच दोन-तीन शब्दांचा आखूड पत्ता द्या.

अपडेटबरोबर होस्टिंगही बदलत असाल तर डेटाबेसची अक्षरलिपी तपासा. ती 'यूटीएफ८एमबी४' हवी. चुकली तर 'अनारसे'च्या जागी प्रश्नचिन्हं किंवा अगम्य रोमन अक्षरं उमटतात आणि गूगल तीच वाचतं.

दुसरी पायरी: प्रत्यक्ष अपडेट

होस्टिंगमध्ये 'स्टेजिंग'ची (चाचणीसाठी साइटच्या प्रतीची) सोय असेल तर आधी त्या प्रतीवर करून बघा. तिथे एक खड्डा आहे. स्टेजिंग गूगलपासून लपवायला 'इंडेक्स करू नका'ची खूण लावलेली असते. प्रत खऱ्या साइटवर ढकलताना ती खूणही सोबत येते. उलट, खूण लावलीच नाही तर एकाच मजकुराच्या दोन साइट गूगलपुढे उभ्या राहतात.

क्रम असा ठेवा: आधी प्लगइन, एकेक करून, मग थीम (साइटचं रूप ठरवणारा फाइलींचा संच), शेवटी वर्डप्रेस. सगळी एकदम केलीत तर बिघाड कोणामुळे झाला ते शोधता येत नाही. पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिची) आवृत्ती त्याच दिवशी बदलू नका, ते काम वेगळ्या दिवशी.

थीम अपडेट करण्याआधी आठवा: साइट बनवून देणाऱ्याने सर्च कन्सोलचा पडताळणी कोड (साइट तुमचीच हे सिद्ध करणारा) किंवा अॅनालिटिक्सचा कोड थेट थीमच्या हेडर फाइलमध्ये चिकटवला होता का? अपडेटमध्ये ती फाइल पुसून नवी येते. असे बदल चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला जोडलेल्या, तिच्या अपडेटने न पुसल्या जाणाऱ्या उपथीममध्ये) हवेत. पडताळणी डोमेनच्या डीएनएस नोंदीतून (साइटचं नाव सर्व्हरशी जोडणाऱ्या नोंदीतून) केलेली बरी, तिला कुठल्याच अपडेटचा धक्का लागत नाही.

अपडेट चालू असताना वर्डप्रेस ५०३ हे उत्तर देतं, म्हणजे 'थोड्या वेळाने या'. थोडा वेळ ते गूगलला चालतं, पण दिवसचे दिवस राहिलं तर पानं यादीतून गळू लागतात. याउलट काही 'लवकरच येत आहोत' छापाची प्लगइन २०० हे उत्तर देतात. मग गूगल समजतं की प्रत्येक पानावर आता हेच एक वाक्य आहे. मोठं काम असेल तर प्लगइन नेमकं कोणतं उत्तर देतं ते आधी बघा.

तिसरी पायरी: ताळा

आधी सगळ्या कॅश (वेगासाठी साठवलेल्या पानांच्या प्रती) रिकाम्या करा: प्लगइनची, होस्टिंगची, सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरवरून साइट पुरवणारी सेवा) असेल तर त्याचीही. नाहीतर साठवलेलं जुनं पान आता नसलेल्या जुन्या स्टाइल फाइली शोधत बसतं आणि बॉटला मोडकं दिसतं.

'सेटिंग्ज'मध्ये 'रीडिंग' उघडा. 'डिस्करेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट' या चौकोनात टिक नको. आवृत्ती ५.३ पासून, म्हणजे २०१९ च्या अखेरीपासून, ही टिक प्रत्येक पानाच्या सोर्समध्ये 'नोइंडेक्स' लिहिते. त्याआधी ती रोबॉट्स फाइलमधून (robots.txt) बॉटला अडवायची. त्यामुळे नुसती रोबॉट्स फाइल बघून 'सगळं ठीक' म्हणू नका.

मग पाचही पानांचा सोर्स पुन्हा काढा आणि कागदाशी ताडा. कॅनॉनिकल दोनदा आलं असेल तर थीम आणि एसईओ (शोधात वर येण्यासाठीचं) प्लगइन दोघंही ते काम करताहेत. एकाचं बंद करा.

शीर्षक नीट वाचा, कारण अपडेटमध्ये शीर्षकाचा साचा मूळ पदावर जाणं ही नेहमीची चूक आहे. आपण मराठीत 'इंदूर' लिहितो, पण गावातली बरीच गिऱ्हाइकं 'इंदौर' टाकून शोधतात. मुखपृष्ठाच्या शीर्षकात दोन्ही रूपं घातलेली असतील आणि अपडेटनंतर नुसतं साइटचं नाव उरलं असेल, तर दुसऱ्या रूपाने येणारा माणूस गेला समजा.

आतली पानं ४०४ दाखवत असतील तर घाबरू नका. 'पर्मालिंक्स'मध्ये जाऊन काहीही न बदलता 'सेव्ह चेंजेस' दाबा. पत्त्यांचे नियम नव्याने लिहिले जातात आणि बहुतेक वेळा प्रश्न तिथेच सुटतो.

साइटमॅप उघडून बघा. आवृत्ती ५.५ पासून (२०२०) वर्डप्रेसचा स्वतःचा साइटमॅप आहे, एसईओ प्लगइनचा वेगळ्या पत्त्यावर असतो. प्लगइन बंद पडलं की जुना पत्ता मरतो आणि सर्च कन्सोल त्याच मेलेल्या पत्त्यावर खेटे घालत राहतं.

चित्रांची पानंही तपासा. २०१८ साली एका अतिशय लोकप्रिय एसईओ प्लगइनच्या मोठ्या अपडेटमध्ये एक पर्याय अनेक साइटींवर उलटा झाला आणि प्रत्येक चित्राचं वेगळं, जवळजवळ कोरं पान गूगलच्या यादीत गेलं. चकलीच्या फोटोवर टिचकी मारल्यावर फोटोचंच स्वतंत्र पान उघडतंय का, एवढं बघितलं तरी कळतं.

साइट तुम्हाला दिसते, गूगलला नाही

सर्च कन्सोलमध्ये वर पत्ता टाका आणि 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' करा. 'व्ह्यू टेस्टेड पेज'मध्ये बॉटला मिळालेला कोड आणि पानाचं चित्र दिसतं. इथे ४०३ (प्रवेश नाही) आलं तर संशय सुरक्षा प्लगइनवर घ्या. अपडेटनंतर अशा प्लगइनमध्ये देशानुसार अडवण्याचा नवा पर्याय दिसतो, आणि 'आपली गिऱ्हाइकं तर इंदूर-देवास-उज्जैनचीच' म्हणून मालक 'फक्त भारत' निवडतो. गूगलचा बॉट बहुतांशी अमेरिकेतल्या पत्त्यांवरून येतो, त्यामुळे तो दारातूनच परत जातो. पर्याय काढा, पुन्हा चाचणी घ्या.

वेगाच्या आकड्यांत गूगलच्या मर्यादा अशा: मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, टिचकीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत राहावा. नव्या थीमने मोठा देवनागरी फॉन्ट आणला तर तो उशिरा उतरतो आणि ओळी खालीवर उडतात. जाड-बारीक सगळे प्रकार न घेता दोनच ठेवा.

आकडे तरीही उतरले तर

तपासलेलं सगळं जुळत असेल तर अपडेट मागे फिरवण्याआधी गूगलचा सर्च स्टेटस डॅशबोर्ड बघा. त्याच दिवसांत गूगलचं स्वतःचं कोअर अपडेट (क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीतला मोठा बदल) चालू असेल तर तुमच्या साइटवर खाडाखोड करून काही हाती लागत नाही. तुलनाही मागच्या महिन्याशी नको. सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतं, पण गेल्या वर्षीची तीच तारीख घेऊ नका. दिवाळी इंग्रजी तारखेने सरकते. तिथीनुसार वसुबारसेच्या आधीचे १५ दिवस यंदाचे आणि गेल्या वर्षीचे शेजारी ठेवा.

चूक सापडली आणि दुरुस्त झाली, तर त्या पाच पानांसाठी 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' एकेकदा करा आणि साइटमॅप पुन्हा सादर करा. रोज तेच बटण दाबल्याने रांगेत पुढे जाता येत नाही. मुखपृष्ठ काही दिवसांत परतलं तरी आतल्या पानांना काही आठवडे लागू शकतात. तोवर पत्ते, शीर्षकं आणि थीम आहे तशी राहू द्या.