तळ्यावरून समुद्रावर : नागपूरकडच्या पोरांनी खलाशी म्हणून जाण्याआधी

नागपूर, भंडारा, गोंदियाच्या तळ्यांवर वाढलेल्या ढिवर-भोई पोरांना वाटतं, मासोळीचं काम इथे काय नि तिथे काय, सारखंच. हे अर्धंच खरं आहे. जाळं विणता येत असेल, फाटलेलं सांधता येत असेल, तर बोटीवर पहिल्या दिवसापासून किंमत असते. बऱ्याच नवख्या खलाशांना तेवढं येत नाही. बाकीचं नव्याने शिकावं लागतं. रोहू, कतला, मरळ ओळखणारा डोळा तारली आणि बांगड्यासमोर गोंधळतो. आपले झिंगे तिथे कोळंबी होतात, आणि त्यातही जातीनुसार, आकारानुसार भाव वेगळा.

पगार विचारण्याआधी बोट कोणती ते विचारा. ट्रॉलर, म्हणजे मागे जाळं ओढत नेणारी बोट, एकदा गेला की आठ-दहा दिवस बाहेर राहतो. पर्ससीनवाले गोल जाळं टाकून तारली-बांगड्याचा थवा घेरतात. खलाशी पंचवीस-तीस लागतात आणि बोट बहुधा लवकर परतते. रायगड, मुंबई, पालघरकडे डोल जाळं चालतं. ते भरती-ओहोटीच्या ओढीवर लावतात, म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात कामाची झुंबड आणि अष्टमीच्या आसपास, भांगाला, उसंत. नवख्याला घरची आठवण लवकर येणार असेल तर ट्रॉलर टाळावा, असं आमचं मत. आणखी एक बघा : किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत येतं, तिथे पर्ससीनवर कडक बंधनं आहेत. एलईडी दिवे लावून मासे जमवण्यावर तर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. तशी बोट पकडली गेली तर मालक कोर्टकचेऱ्या करतो आणि खलाशाचा हिशेब मध्येच लटकतो.

आता पैसे. दोन पद्धती आहेत. एकीत महिन्याचा ठरीव पगार आणि वर मासळीच्या विक्रीवर थोडं काही. दुसरीत वाटा : विक्रीतून डिझेल, बर्फ, रेशन आणि दलाली वजा होते, उरलेल्यात बोटीचा व जाळ्याचा हिस्सा निघतो, मग तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशांची वाटणी. तांडेलाचा वाटा खलाशापेक्षा मोठा असतो, त्यात गैर काही नाही. सगळी जबाबदारी त्याची. वाटा ऐकायला गोड लागतो, पण ऑगस्टमध्ये खवळलेल्या समुद्रात दोन फेऱ्या रिकाम्या गेल्या की वजाबाकीच उरते. पहिल्या हंगामाला पगारच घ्या. बोलणी करतानाच चार गोष्टी स्पष्ट करा. इंजिन बिघडून बोट धक्क्यावर उभी राहिली तर ते दिवस धरणार का? रेशन कोणाच्या खात्यावर? आजारपणाचा खर्च कोणाचा? मध्येच सोडलं तर काय? गावाहून निघताना मिळणारी उचल ही सगळ्यात मोठी अडकण आहे. जितकी मोठी उचल घ्याल, तितकं वाईट वागवणाऱ्या बोटीवरही तोंड दाबून राहावं लागेल. घेतलेला प्रत्येक रुपया तारखेसह वहीत मांडा आणि शेजारी मालकाची सही घ्या. नाखुशीने का होईना, करतात.

गावच्या तळ्यावरच्या मच्छीमार संस्थेत वाटा असणाऱ्यांनी एक विचार आधीच करावा. पाणी ओसरून तळ्यात जाळं पडतं ते उन्हाळ्याकडे, आणि समुद्राचा हंगाम १ ऑगस्ट ते ३१ मे. दोन्ही हाती लागत नाहीत.

कागदांत आधार आणि बँक पासबुक मूळ प्रतीसह न्या. मच्छीमाराचं ओळखपत्र आणि केंद्राच्या गट अपघात विम्यात नाव, हे बोट सुटण्याआधी करून घ्या. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास त्यात ५ लाख रुपये मिळतात. मालक ‘नंतर बघू’ म्हणाला तर पहिली फेरी सोडा. विदर्भ एक्सप्रेसने ठाण्याला उतरून कोकण रेल्वेची गाडी धरता येते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नेपाळ, कर्नाटक, उत्तर प्रदेशातले खलाशी भेटतील, तिथे आपली नागपुरी हिंदी चालून जाते.

पहिले दोन-तीन दिवस उलट्या होतात. ॲव्होमिनसारखी गोळी बोट सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची, पण तिने झापड येते, त्यामुळे त्या दिवशी विंचजवळ, म्हणजे जाळ्याची वायर ओढणाऱ्या यंत्राजवळ, फिरकू नका. ट्रॉलरवर जाळं दोन-तीन तास ओढून उचलतात, निवडतात आणि पुन्हा सोडतात, रात्रंदिवस. झोप तुकड्यातुकड्यांनी मिळते. चुका होतात त्या तिसऱ्या-चौथ्या रात्री. वायर ताणलेली असताना तिच्या रेषेत उभं राहायचं नाही, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, विंचवर सैल बाही नको.

मासळीच्या ढिगात हात घालण्याआधी पाकट आणि शिंगाळा हे काटेवाले मासे बाजूला काढा. पाकटाचा काटा शेपटीवर असतो, मेल्यावरही विषारी. लागला तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची, वेदना उतरतात. धक्क्यावर आल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन. समुद्रसर्पाचा दंश दुखतही नाही, म्हणून लोक अंगावर काढतात आणि फसतात. सरळ परत फिरायचं.

मासळी बर्फात घालताना खाली, बाजूंना आणि वर बर्फ, थर पातळ, आणि मासळीइतकाच बर्फ. कोळंबीला कमी पडला की डोकी काळी पडतात आणि लिलावात भाव कोसळतो. बोटीच्या पोटातल्या मासळी साठवायच्या खणाबद्दल मात्र कोणी सहसा सांगत नाही : बंद खणात मासळी सडली की विषारी वायू साचतो, प्राणवायू कमी होतो. आत उतरलेला कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही. झाकण उघडून वारा खेळू द्या, वर माणूस ठेवा, आतला पडला तर दोराशिवाय खाली उडी नको.

हवामानाचा इशारा आला की परतायचं, हे तांडेलाला सांगायला नवखा कचरतो. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ चक्रीवादळ आलं तेव्हा कोकणातल्या कित्येक बोटी बाहेरच होत्या. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर पाठ ठेवा, बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनेल कसं लावायचं ते धक्क्यावरच शिकून घ्या.

३१ मेला बोटी लागल्या तरी हिशेब लगेच होत नाही. जाळी उतरवणं, धुणं, बोट वर ओढणं यात आठवडा सहज जातो. परतीचं तिकीट जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं काढा, आणि पैसे रोख देत असतील तरी खात्यावर मागा.