जुने निकाल वाचायचे कसे : गोपालन ते केशवानंद

मूट कोर्ट (कायद्याच्या विद्यार्थ्यांचा सराव-खटला) जवळ आलं की बरेच जण हेडनोटवर भागवतात. तिथेच घात होतो. हेडनोट म्हणजे संपादकाने काढलेला सारांश. तो निकालाचा भाग नसतो. सर्वोच्च न्यायालयाचे मूळ निकाल ई-एससीआरवर (न्यायालयाच्या ऑनलाइन निकालसंग्रहावर) फुकट आहेत, तिथूनच घ्या.

आधी पीठ मोजा, म्हणजे खटला किती न्यायाधीशांनी ऐकला ते बघा. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद १४५(३) प्रमाणे किमान ५ न्यायाधीश लागतात. मग निकाल आणि त्याची कारणं यांचे दोन वेगळे रकाने आखा. 'सज्जनसिंग' (१९६५) घ्या. जमीन सुधारणा कायद्यांना संरक्षण देणारी १७वी घटनादुरुस्ती पाचही न्यायाधीशांनी उचलून धरली. पण मूलभूत हक्कांना संसदेने हात लावावा का, याबद्दल हिदायतुल्ला आणि मुधोळकर यांनी शंका नोंदवली. हा निकाल नुसता '३ विरुद्ध २' असा लिहिलात तर चुकलात. तिघांच्या वतीने लिहिणारे गजेंद्रगडकर पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. पण पुढे 'केशवानंद'मध्ये फळली ती मुधोळकरांची शंका.

भिन्नमत, म्हणजे बहुमताशी असहमत न्यायाधीशाचं मत, गाळू नका. 'गोपालन' (१९५०) मध्ये ६ न्यायाधीश होते. प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा टिकला. फक्त स्थानबद्धतेची कारणं कोर्टालाही सांगायला मनाई करणारं कलम १४ रद्द झालं. 'सरकार जिंकलं' एवढंच टिपणाऱ्यांच्या हातून नेमकं हे कलम निसटतं. मूलभूत हक्क एकमेकांत गुंतलेले असतात, हे भिन्नमत देणाऱ्या न्या. फझल अलींचं म्हणणं तेव्हा मागे पडलं. 'आर. सी. कूपर' (१९७०, ११ न्यायाधीश) आणि 'मनेका गांधी' (१९७८) यांत तीच दिशा कोर्टाने धरली. त्यामुळे आज 'गोपालन' एकटा उद्धृत करायचा नसतो.

संसद घटना कुठवर बदलू शकते, हे ठरवणारा 'केशवानंद' (२४ एप्रिल १९७३) पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, दमाल. १३ न्यायाधीश, ११ निकालपत्रं, ७ विरुद्ध ६. न्या. खन्नांचं निकालपत्र आधी वाचा, कारण तराजू त्यांच्या मतानेच झुकला: संसद कोणताही भाग बदलू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. मग सरन्यायाधीश सिक्रींचं वाचा. शेवटी बहुमताचा म्हणून जो सारांश आहे त्यावर ९ सह्या आहेत, ४ नाहीत. म्हणून त्या सारांशावर विसंबण्याआधी मूळ मतं पडताळा.

एक सोपा सराव: पुण्यात जन्मलेल्या न्या. य. वि. चंद्रचूड यांचा माग काढा. ते 'केशवानंद'मध्ये अल्पमतात होते, तर आणीबाणीत स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येते का, या 'एडीएम जबलपूर'मध्ये (१९७६, ४ विरुद्ध १) ती नाकारणाऱ्या बहुमतात. 'मिनर्व्हा मिल्स'मध्ये (१९८०) सरन्यायाधीश म्हणून त्यांनी मूलभूत चौकटीच्या आधारे ४२व्या दुरुस्तीतली कलमं रद्द केली. 'जबलपूर' २०१७ च्या, गोपनीयतेच्या हक्कावरच्या 'पुट्टस्वामी'ने मोडीत काढला, तेव्हा तो आता फक्त खन्नांच्या भिन्नमतासाठी वाचायचा.