ओले काँक्रीट हाताळताना घ्यावयाची काळजी
स्लॅबच्या दिवशी मिक्सर ट्रकमधून उतरणारे तयार काँक्रीट चिखलासारखे निरुपद्रवी दिसते, परंतु सिमेंटमध्ये पाणी मिसळताच ते तीव्र अल्कधर्मी बनते आणि त्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता मोजण्याचे माप) १२ ते १३ च्या घरात जातो. त्यामुळे होणारी भाजल्याची जखम फसवी असते: सुरुवातीला वेदना जाणवत नाही आणि काही तासांनी कातडी सोललेली आढळते. ओल्या काँक्रीटमध्ये गुडघे टेकून थापी फिरवणाऱ्या कामगारांना हा धोका सर्वाधिक असतो.

म्हणून अल्करोधक रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, चष्मा आणि उंच गमबूट वापरावेत. पँट बुटात न खोचता बाहेर ठेवावी, अन्यथा काँक्रीट आत शिरून दिवसभर पायाला चिकटून राहते. भिजलेले कपडे ताबडतोब बदलावेत. ‘घरी गेल्यावर धुऊ’ ही सवय सर्वांत महागात पडते.

त्वचेला स्पर्श झाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेल्यास किमान २० मिनिटे वाहते पाणी सोडत राहावे, डोळे चोळू नयेत आणि लगेच डॉक्टरांकडे जावे.

सिमेंटमधील षट्‌संयुजी क्रोमियममुळे (क्रोमियम धातूच्या एका विषारी रूपामुळे) काहींना कायमची अॅलर्जी जडते. घट्ट झालेले काँक्रीट कापताना किंवा घासताना सिलिकाची धूळ उडते आणि वर्षानुवर्षे ती श्वासात गेल्यास सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार होऊ शकतो. अशा वेळी पाणी मारत काम करावे आणि तोंडाला रुमाल न बांधता योग्य श्वसनमुखवटा लावावा.