क्लाऊडची किल्ली कुणाच्या खिशात? बेळगावच्या कारखानदारांनो, या चुका टाळा

गेली दहा-बारा वर्षं उद्यमबाग, मच्छे, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात लहान कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं करतोय. आधी सर्व्हर ऑफिसच्या कोपऱ्यात असायचा, हेस्कॉमची लाईट गेली की यूपीएस ओरडायला लागायचा, आता तोच सर्व्हर क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरनं वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर गेलाय. गेला ते बरंच झालं. खरं त्याच त्याच चुका बघून जीव विटलाय, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे क्लाऊडचं अकाउंट दुसऱ्याच्या नावावर. सॉफ्टवेअर बसवायला आलेला पोरगा विचारतो, "सर, ईमेल कुठला घालू?" मालक म्हणतात, "तुझाच घाल की, कशाला डोक्याला ताप." झालं. कार्ड त्याचं, ओटीपी त्याच्या मोबाईलवर, आपण त्याला वर्षाचे पैसे देऊन मोकळे.

उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत हेच झालं. गणपतीच्या आधल्या आठवड्यात सकाळी फोन, सॉफ्टवेअर उघडत नाही. जाऊन नेट बघितलं, राउटर बघितला, सगळं ठीक, सर्व्हरच बंद. तो पोरगा वर्षापूर्वीच बेंगळूरला नोकरीला गेलेला, त्याच्या कार्डाची मुदत संपलेली, पैसे भरा म्हणून आलेले मेल त्याच्या जुन्या ईमेलवर पडून, आणि शेवटी अकाउंट सस्पेंड. गेटवर पुण्याच्या दोन गाड्या कास्टिंग भरून उभ्या. गाडीबरोबर लागणारं ई-वे बिल सरकारी पोर्टलवर हातानं काढता येतं, खरं बिलाचा पुढचा नंबर, पीओचा म्हणजे गिऱ्हाइकाच्या ऑर्डरचा रेट, कुठल्या हीटचा (भट्टीच्या कुठल्या घाण्याचा) माल, सगळं आत अडकलेलं. मालक माझ्या मागं उभे, "काय तरी करा की ओ, ड्रायव्हर सकाळधरनं बसलाय." सपोर्टवाले एकच सांगतात, अकाउंट ज्याच्या ईमेलवर त्याच्याशीच बोलणार. त्यांचंही बरोबर आहे, उद्या कुणीही फोन करून तुमचा सर्व्हर मागितला तर द्यावा काय त्यांनी? पोरगा सापडला, भला होता म्हणून मदतीला आला, तरी त्याचा जुना नंबर बंद असल्यानं ओटीपी येईना, कागदपत्रं पाठवून अकाउंट सुरू व्हायला चार दिवस गेले.

तेव्हापासून मी अकाउंट उघडताना मालकांना शेजारी बसवूनच उघडतो. ईमेल कंपनीचा, ओटीपीचं सिम ऑफिसच्या फोनमध्ये, बिलाचे मेल अकाउंटंटलापण जातील असं सेटिंग, आणि ओटीपी येईना झाला तर आत शिरायला लागणाऱ्या रिकव्हरी कोडची प्रिंट पाकिटात घालून तिजोरीत चेकबुकाशेजारी. सॉफ्टवेअरवाल्याला वेगळा लॉगिन, कामापुरताच. डोमेनचं, म्हणजे वेबसाइट-ईमेलच्या नावाचं पण तेच, ते कुणाच्या नावावर आहे हे आजच बघा. दहा मिनिटं वाचवायच्या नादात लोक हे टाळतात, मला अजिबात पटत नाही.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक, "क्लाऊडवर आहे म्हणजे बॅकअप आहेच की." नाही ओ. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाऊड कंपनीचं डेटा सेंटर जळालं, ज्यांचा बॅकअप पण तिथंच होता त्यांचं दोन्ही गेलं. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाचा गूगल क्लाऊडवरचा खासगी क्लाऊड गूगलकडच्याच एका चुकीच्या सेटिंगमुळं पुसला गेला. उभं राहायला आठवड्याच्या वर लागलं, आणि त्यात कामाला आला तो त्यापासून वेगळा ठेवलेला बॅकअप. म्हणून एक कॉपी त्याच अकाउंटच्या बाहेर पाहिजेच. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवणं २०२२ पासून नियमातच आहे. ॲमेझॉनच्या क्लाऊडचं डेटा सेंटर मुंबईत २०१६ पासून आणि हैदराबादला २०२२ पासून आहे, तेव्हा दुसऱ्या गावातली कॉपीसुद्धा देशातच राहते.

आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, तो उघडून बघायचा. आपल्याकडं दर अमावास्येला कारखान्यात मशीनची पूजा होते, मी त्याच दिवशी पूजा झाली की आदल्या रात्रीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर चढवतो, शेवटचं बिल उघडतो आणि नंबर छापील कॉपीशी जुळवतो. एका ठिकाणी पाच महिने फाइल रोज बनत होती, हिरवी टिक येत होती, आत शून्य केबी. नुसत्या टिकेवर मी तेव्हापासून विश्वास ठेवत नाही.

खर्चाचं थोडक्यात. बजेट अलर्ट फक्त मेल पाठवतो, सर्व्हर बंद करत नाही. सर्व्हर डिलीट केला तरी त्याची डिस्क आणि स्नॅपशॉट (डिस्कच्या जुन्या कॉप्या) मागं राहू शकतात, मीटर चालूच. टेस्ट सर्व्हर रात्री बंद करा. स्वस्त पडतंय म्हणून पहिल्याच महिन्यात तीन वर्षांचं कमिटमेंट घेऊ नका, सहा महिने वापर बघा मग ठरवा.

वीस माणसांच्या कारखान्याला दोन-दोन क्लाऊडवर सर्व्हर चालवायची गरज नाही, दुप्पट डोकेदुखी. खरं सोडून जायचं झालं तर डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसांत मिळणार हे सही करायच्या आधी लेखी घ्या. जुलै २०२५ मध्ये युरोपच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टनं नायरा एनर्जीची सेवा थांबवली, त्यांना दिल्ली हायकोर्टात जावं लागलं, नंतर सेवा सुरू झाली. एवढ्या मोठ्या रिफायनरीवर ही वेळ येते, आपल्याकडं कोर्टात जायला वेळ आणि वकील कुठला?

इंटरनेट दोन कंपन्यांचं घेतलंय म्हणता, खरं दोन्ही केबल एकाच खांबावरनं येतात का बघा. मच्छेत एका जेसीबीनं दोन्ही एकदम तोडल्या होत्या.

त्या फौंड्रीत आता रोज संध्याकाळी सहाला उद्याच्या डिस्पॅचची यादी, पीओचे रेट आणि शेवटचा बिल नंबर यांची एक प्रिंट निघते आणि गेटवरच्या केबिनमध्ये खिळ्याला लावली जाते.