ईसीजी काढताना रुग्ण कसा झोपलाय? या चुका टाळा

काल आडवं झोपवून काढलेला ईसीजी आणि आज बसवून काढलेला ईसीजी शेजारी ठेवले, की एसटी भागात किंवा टी लाटेत (दोन्ही आलेखातल्या ठोक्याच्या टोकदार लाटेनंतर येतात) फरक दिसू शकतो. मग 'नवीन बदल' म्हणून धावपळ सुरू होते. बसल्यावर श्वासपटल खाली उतरतं, हृदय जरा उभं होतं आणि क्यूआरएसचा (ठोक्याच्या टोकदार लाटेचा) अक्ष म्हणजे विद्युत दिशा, आणि उंची बदलते. डाव्या कुशीवर वळलं तर हृदय छातीच्या डाव्या भिंतीकडे सरकतं. मॉनिटरवरचा रुग्ण कुशीवर वळताच एसटीचा अलार्म वाजतो तो अनेकदा यामुळेच. आधी उताणं करून पुन्हा पाहा. पण छातीत दुखत असेल तर फरक स्थितीवर ढकलू नका, पट्टी (ईसीजीचा कागद) लगेच डॉक्टरांना दाखवा.

नेहमीचा ईसीजी उताणं झोपवून, हात शरीरालगत सैल ठेवून काढायचा. अरुंद कॉटवर हात लोंबकळले की स्नायू ताणले जातात आणि बेसलाइन (आलेखाची आधाररेषा) थरथरते. थंडीने कुडकुडणाऱ्या रुग्णाचंही तेच. अंगावर पांघरूण घाला, लगेच यंत्रातला फिल्टर (थरथर गाळणारी सोय) लावू नका.

दम लागलेल्या रुग्णाला सपाट झोपवायचा हट्ट धरू नका. डोक्याकडची बाजू ४५ अंश वर करून काढा आणि पट्टीवर पेनाने 'बसून, ४५ अंश' असं लिहा. ही नोंद राहून जाते, हीच सगळ्यात महागात पडणारी चूक. पुढचा ईसीजी शक्यतो त्याच स्थितीत काढा.

रुग्ण उठून बसला तरी छातीवरच्या इलेक्ट्रोडच्या (व्ही१ ते व्ही६) जागा हाडांवरूनच शोधायच्या. उरोस्थीवरचा (छातीच्या मधल्या हाडावरचा) आडवा उंचवटा बोटाने चाचपा. त्याला लागून दुसरी फासळी, तिच्याखाली फासळ्यांमधली दुसरी मोकळी जागा. तिथून दोन जागा खाली, उरोस्थीच्या उजवीकडे व्ही१, डावीकडे व्ही२. हे दोन्ही वर लागले तर आर लाट (क्यूआरएसमधली वर जाणारी लाट) खुजी होते आणि हृदयविकाराच्या जुन्या झटक्याचा भास होतो. व्ही२ मधली पी लाट (क्यूआरएसच्या आधीची छोटी लाट) पूर्ण उलटी असेल तर इलेक्ट्रोड वर गेलाय का ते आधी तपासा. व्ही५ आणि व्ही६ व्ही४च्याच आडव्या पातळीत हवेत, फासळीच्या वळणाबरोबर वर चढवू नका.

हातापायांचे इलेक्ट्रोड खांद्यावर आणि पोटावर चिकटवले तर अक्ष उजवीकडे झुकतो आणि हृदयाच्या खालच्या भिंतीच्या जुन्या झटक्याची क्यू लाट (क्यूआरएसच्या सुरुवातीची खाली जाणारी लाट) पुसली जाऊ शकते. प्लास्टर किंवा कापलेल्या अवयवामुळे तसं करावंच लागलं, तर तेही पट्टीवर लिहा.